आरआर डीबगर: जिटमध्ये हरवलेलं रजिस्टर शोधायला याहून चांगलं काही मी वापरलेलं नाही

जिट कंपायलरवर, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच मशीन कोड तयार करणाऱ्या कंपायलरवर, काम करणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकते. लिनक्सवर असाल, इंटेलचा बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर असेल आणि आजवर फक्त जीडीबी या साध्या डीबगरवर दिवस काढत असाल, तर पुढचं न वाचता आरआर बसवा. फुकट आहे, सोर्स उघडा आहे. मोझिलामध्ये फायरफॉक्सचे बग पकडण्यासाठी ते तयार झालं आणि २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. फायरफॉक्समध्येच एक तगडा जिट असल्यामुळे, चालता चालता स्वतःचा कोड लिहिणारे प्रोग्राम त्याला पहिल्या दिवसापासून परके नाहीत. व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाला अशा प्रोग्रामसाठी पूर्वी वेगळा पर्याय देऊन सांगावं लागायचं की बाबा रे, इथला कोड बदलत राहतो. आरआर सूचनांमध्ये ढवळाढवळ करत नाही. प्रोग्राम थेट प्रोसेसरवर चालतो आणि बाहेरून आत येणारं तेवढं टिपलं जातं: सिस्टिम कॉलचे निकाल, सिग्नल, थ्रेडची अदलाबदल कधी झाली ते. मग तीच धाव हवी तितक्या वेळा, पुढे किंवा मागे, हुबेहूब चालवता येते.

मी गेली काही वर्षं एका स्क्रिप्टिंग भाषेचा रनटाइम सांभाळते. खाली सी प्लस प्लस, वर इंटरप्रिटर, आणि सारखी चालणारी फंक्शन्स मागच्या थ्रेडवर मशीन कोडमध्ये उतरवणारा जिट. या कामातले सगळ्यात छळवादी बग रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या, झटपट साठवणीच्या जागा) जपण्याचे. नियम तसा सोपा आहे. ६४ बिट एक्स८६ वर लिनक्सच्या एबीआयप्रमाणे (फंक्शनांनी एकमेकांना कसं बोलवायचं त्याचे नियम) आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ ही सहा रजिस्टरं ज्या फंक्शनला बोलावलं त्यानं जशीच्या तशी परत करायची. बाकीची, दशांश आकड्यांची एक्सएमएम रजिस्टरं धरून, ज्यानं बोलावलं त्याची जबाबदारी. सी प्लस प्लसचा कंपायलर हे मुकाट्यानं पाळतो. जिटमध्ये ते आपण हातानं पाळायचं असतं, आणि एखाद्या वाटेवर विसरलं तर लगेच काहीही होत नाही. फंक्शन व्यवस्थित परत येतं, उत्तरही बरोबर देतं. बोंब होते ती तीन फंक्शनं वर, ज्यानं त्या रजिस्टरमध्ये आपला पॉइंटर विश्वासानं ठेवलेला असतो त्याच्याकडे. तिथे जाऊन बघावं तर कोड निर्दोष.

त्यात प्रिंट टाकून शोधायला गेलं की बगच गायब. ते साहजिक आहे. प्रिंट हा एक फंक्शन कॉल, त्याच्या आजूबाजूला रजिस्टर वाटप बदलतं, जो पॉइंटर रजिस्टरमध्ये होता तो स्टॅकवर जातो आणि वाचतो. साप समजून भुई धोपटण्यात आठवडे जातात.

आमच्याकडचा प्रकार असा. रिलीज बिल्ड, क्वचित कधीतरी सेगफॉल्ट (चुकीच्या पत्त्याला हात लावल्यानं होणारा क्रॅश), नेहमी एकाच सी प्लस प्लस फंक्शनमध्ये, त्याच्या एक्सेप्शन झेलणाऱ्या कॅच ब्लॉकच्या पहिल्याच काही सूचनांत. कॅचमध्ये आल्याबरोबर ते फंक्शन आरबीपीमधला कॉन्टेक्स्टचा पॉइंटर वापरतं. ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्ये फ्रेम पॉइंटर नसतो, म्हणून आरबीपी साध्या रजिस्टरसारखं वापरायला मोकळं. क्रॅशच्या वेळी त्यात ४७ होते. पॉइंटर नाही, पत्ता नाही, नुसते ४७.

आधी रेकॉर्डिंगबद्दल. आरआर सगळे थ्रेड एका वेळी एकाच कोअरवर चालवतं, त्यामुळे थ्रेडच्या वेळेवर अवलंबून असलेले बग साध्या रेकॉर्डिंगमध्ये रुसून बसतात. आमचा तसाच होता. मागच्या थ्रेडनं नेमक्या वेळी फंक्शन उतरवून दिलं आणि ते चालू असताना एक्सेप्शन उडालं, तरच क्रॅश. यावर उपाय म्हणजे केऑस मोड. रेकॉर्ड करताना हा पर्याय दिला की आरआर थ्रेडच्या प्राधान्यांशी आणि वेळेच्या तुकड्यांशी मुद्दाम खेळतं, कुणाला उगाच उपाशी ठेवतं, कुणाला पुढे काढतं. स्क्रिप्टला लूपमध्ये टाकलं आणि दुसऱ्या कामाला लागले. क्रॅश सापडला. इथून पुढे तो माझा होता. पुन्हा घडेल का, ही धाकधूक संपली.

आणि पुन्हा चालवताना जिटनं कोड ज्या पत्त्यावर लिहिला तो पत्ता दर वेळी तोच असतो. ऐकायला किरकोळ वाटेल. पण जिटवाल्यांना विचारा, साध्या जीडीबीत पुढच्या धावेला कोड कुठेतरी नवीनच जागी जाऊन बसू शकतो आणि कालचे पत्ते आज रद्दी. इथे मी कागदावर पत्ते लिहून ठेवले आणि दुसऱ्या दिवशीही ते चालले. कुठल्या क्षणी उभी आहे हे ‘व्हेन’ विचारलं की घटनेचा क्रमांक मिळतो, पुढच्या वेळी थेट तिथे उतरता येतं.

आता मुख्य भाग.

क्रॅशवरून मागे निघाले. थ्रो करणाऱ्या रनटाइम फंक्शनवर ब्रेकपॉइंट, मग रिव्हर्स-कंटिन्यू, म्हणजे धाव उलटी सोडायची. एक्सेप्शन उडालं त्या क्षणी पोचले. स्टॅकवर त्याला बोलावणारा आमचा जिटचा फ्रेम (एका कॉलचा स्टॅकवरचा हिस्सा), आणि त्यालाही बोलावणारं कॅच असलेलं सी प्लस प्लस फंक्शन. साहजिकच ‘अप’ करत त्या फंक्शनच्या फ्रेमवर गेले आणि आरबीपी विचारलं. जीडीबीनं उत्तर दिलं: ४७.

म्हणजे काय, तर जीडीबीच्या म्हणण्यानुसार जिटला बोलावण्याआधीच त्या फंक्शनच्या आरबीपीमध्ये ४७ होते. शेजारी बसलेला सहकारी लगेच म्हणाला, “अगं, मग जिटचा संबंधच नाही. जीसीसीनं काहीतरी घाण केलीय.” आमच्या धंद्यात असं वाक्य ऐकलं की मी दोन पावलं मागे सरकते. जीसीसी या आमच्या सी प्लस प्लस कंपायलरात बग असतात, पण माझ्या नशिबाला येण्याइतके फुरसतीत नसतात.

साधा डीबगर वरच्या फ्रेमची रजिस्टरं दाखवतो तेव्हा तो ती बघून सांगत नाही. प्रोसेसरमध्ये त्या क्षणी एकच संच असतो, सगळ्यात आतल्या फ्रेमचा. वरच्यांचे आकडे तो अनवाइंड माहितीवरून मांडतो: या फंक्शननं अमुक रजिस्टर स्टॅकवर अमुक ठिकाणी ठेवलंय, म्हणजे बोलावणाऱ्याचं मूल्य ते. नोंद नसेल तर रजिस्टर बदललंच नाही असं धरून चालतो. सी प्लस प्लसच्या कोडसाठी ही माहिती कंपायलर लिहितो. जिटच्या कोडसाठी ती आपण लिहितो आणि जीडीबीच्या जिट इंटरफेसमधून त्याला कळवतो. तीच माहिती, तशीच्या तशी, एक्सेप्शन उडाल्यावर सी प्लस प्लसचा अनवाइंडरही (कॅच सापडेपर्यंत एकेक फ्रेम उलगडणारा भाग) वाचतो. तेव्हा नोंदीतच घोळ असेल तर प्रोग्राम ज्या कारणानं मरतो, त्याच कारणानं डीबगर खोटी साक्ष देतो. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे.

आरआरची खरी किंमत मला इथे कळली. मला ‘अप’ची गरजच नव्हती. त्या काळात परत जाता येत होतं, जेव्हा जिटचं फंक्शन नुकतंच सुरू होत होतं आणि बोलावणाऱ्याचं आरबीपी प्रोसेसरमध्ये प्रत्यक्ष होतं. स्टॅकवर परतीचा पत्ता कच्चा वाचला, आमच्या कोड नकाशावरून फंक्शनची सुरुवात काढली, तिथे ब्रेकपॉइंट, रिव्हर्स-कंटिन्यू. पहिल्या सूचनेवर उभी राहिले आणि आरबीपी विचारलं. कॉन्टेक्स्टचा पॉइंटर, व्यवस्थित, खणखणीत. जीसीसी सुटलं. जीडीबीचे ४७ हे जिटच्या आतल्या लूपच्या मोजणीचे होते.

(रिव्हर्स-फिनिश वापरायचा मोह होईल. नका वापरू. त्याला फंक्शनच्या हद्दी माहीत असाव्या लागतात आणि जिटच्या कोडसाठी त्या बहुधा नसतात. पत्त्यावर ब्रेकपॉइंट लावून मागे जाणं जास्त भरवशाचं. मात्र जिटनं तिथे कोड लिहून झाल्यानंतरच्या क्षणी उभं राहून लावा.)

पुढचं पाऊल मला फार आवडलं. फंक्शनच्या सुरुवातीला तीन पुश होते: आधी आरबीएक्स, मग आर१२, मग आरबीपी. म्हणजे आरबीपीची जागा प्रवेशाच्या वेळच्या आरएसपीपासून (स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर) २४ बाइट खाली. पुश होऊ दिला, मेमरीत पाहिलं, बरोबर मूल्य बसलेलं. जपून ठेवलं होतं तर! मग प्रश्न राहतो की परत कुणी घेतलं. रजिस्टरवर हार्डवेअरचा पहारा बसवता येत नाही. एक्स८६ च्या चार डीबग रजिस्टरांत मेमरीचेच पत्ते जातात. पण जपलेलं मूल्य आता मेमरीतच होतं. त्या आठ बाइटांवर वाचनाचा वॉचपॉइंट लावला आणि पुढे सोडलं. थेट क्रॅशपर्यंत गेलं. ती जागा कुणी वाचलीच नाही.

ताळा करायचा म्हणून तेच आरबीएक्सच्या जागेवर केलं. लगेच अनवाइंडरच्या पोटात थांबलं, तो ते मूल्य उचलून परत जागेवर ठेवत होता. म्हणजे अनवाइंडरला आरबीएक्स ठेवल्याचं माहीत, आरबीपी ठेवल्याचं माहीत नाही. एवढ्यावर कुठे बघायचं ते ठरलं.

जिटनं लिहिलेल्या अनवाइंड नोंदीचे बाइट काढले. रजिस्टर ठेवल्याची नोंद डॉर्फ पद्धतीत (डीबग आणि अनवाइंड माहिती लिहिण्याचा ठरलेला साचा) आटोपशीर असते: हेक्समधल्या ८० मध्ये रजिस्टरचा क्रमांक मिसळायचा, पुढे जागा, आठाच्या पटीत. आमच्या नोंदीत होतं ८३ ०२, मग ८सी ०३, मग ८५ ०४. पहिला आरबीएक्स, क्रमांक ३. दुसरा आर१२. तिसरा क्रमांक ५, आणि जिटच्या रजिस्टर तक्त्यात आरबीपी पाचच आहे, कारण प्रोसेसरच्या सूचनांमध्ये आरबीपीचा क्रमांक ५. पण डॉर्फचा क्रमांक वेगळा. तिथे आरबीपी ६, आणि ५ म्हणजे आरडीआय. आमची नोंद अनवाइंडरला सांगत होती की आरडीआय इथे ठेवलंय. आरडीआय जपायच्या रजिस्टरांत येतच नाही, म्हणून अनवाइंडरनं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. तिथे ८६ हवे होते.

आणि हे इतके दिवस लपलं कसं, तेही त्याच तक्त्यात दिसतं. जपायच्या सहा रजिस्टरांपैकी पाचांचे क्रमांक दोन्ही पद्धतींत सारखेच: आरबीएक्स इथेही ३ तिथेही ३, आर१२ ते आर१५ तर नावातच क्रमांक घेऊन फिरतात. वेगळं निघतं ते एकटं आरबीपी. आमच्या वाटपाच्या क्रमात आरबीपी सगळ्यात शेवटी, म्हणजे ज्या फंक्शनला रजिस्टरांची खरोखर चणचण आहे तिथेच ते वापरलं जाणार. साध्या परतीच्या वाटेवर पॉप असल्यामुळे सगळं ठीक. डीबग बिल्डमध्ये जिट आरबीपी फ्रेम पॉइंटर म्हणून राखून ठेवतो आणि तिथली नोंद वेगळी, हातानं लिहिलेली, बरोबर. थोडक्यात, मोठं फंक्शन हवं, रिलीज बिल्ड हवा, जिटच्या वरच्या, जास्त ऑप्टिमाइझ करणाऱ्या टप्प्यावर उतरलेलं हवं, त्यातून एक्सेप्शन उडायला हवं आणि बोलावणाऱ्यानं आरबीपीमध्ये काही मोलाचं ठेवलेलं हवं. दुरुस्ती म्हणजे १६ आकड्यांचा एक तक्ता. जाता जाता: आरएएक्स ० आणि आरबीएक्स ३ दोन्हीकडे जुळतात, म्हणून घाईत नजर टाकणाऱ्याला तक्ता लागतच नाही असं वाटतं. आरसीएक्स आणि आरडीएक्सची मात्र थेट अदलाबदल आहे.

आणखी एका सोयीचा उल्लेख करायलाच हवा. मागे-पुढे करताना मध्येच प्रोग्राममधलं एखादं फंक्शन जीडीबीच्या कॉलनं चालवता येतं. आमच्या रनटाइममध्ये पत्ता दिला की त्या जिट कोडची सगळी जन्मकुंडली छापणारं फंक्शन आहे. ते मी रेकॉर्डिंगच्या आत बसून चालवलं. आरआर त्यासाठी त्या क्षणाची एक बाजूची प्रत काढतं, त्यात काय वाटेल ते करू देतं आणि काम झाल्यावर प्रत फेकून देतं. मूळ धाव जिथल्या तिथे.

आता तक्रारी, आणि त्या कमी नाहीत.

आरआर नेमक्या जागी पोचण्यासाठी प्रोसेसरचे परफॉर्मन्स काउंटर वापरतं, किती सशर्त उड्या पार पडल्या ते मोजून. म्हणून काउंटर दिसत नसतील तर सगळंच बंद. भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर ते बहुतेकदा झाकलेलेच असतात. कंटेनरमध्ये ट्रेस करायची परवानगी वेगळी द्यावी लागते, कर्नलची परफ पॅरनॉइड किंमत १ वर आणावी लागते. एएमडीच्या झेन प्रोसेसरवर मोजणी घसरते. त्यावर तोडगा म्हणून प्रकल्पाबरोबरच एक स्क्रिप्ट मिळते, पण ती प्रोसेसरच्या आतलं एक सेटिंग बदलते, रूटचे अधिकार मागते आणि यंत्र पुन्हा सुरू केलं की परत चालवावी लागते. आमच्या चाचणी यंत्रांपैकी अर्ध्यांवर याच कारणानं आरआर नाही.

एआरएमवर आता चालतं, पण तिथे जिटवाल्यांना वेगळी मेख आहे. जुन्या पद्धतीच्या लोड-लिंक, स्टोअर-कंडिशनल जोड्या त्याला झेपत नाहीत, कारण मध्येच व्यत्यय आला की ती जोडी फसते आणि धाव हुबेहूब राहत नाही. सी प्लस प्लस नव्या अॅटॉमिक सूचनांसह बांधता येतं, जिटला मात्र त्या सूचना काढायला तुम्हीच शिकवायचं. एआरएमवरची रजिस्टरांची गंमतही निराळी: एक्स१९ ते एक्स२८ जपायची, आणि व्ही८ ते व्ही१५ ची फक्त खालची ६४ बिटं. वरची अर्धी गेली तर तक्रार कुणाकडे करायची नाही. तिथे आरआरनं शोधलेला गुन्हेगार एबीआयनुसार निर्दोष सुटू शकतो, तेव्हा नियम आधी वाचून बसा.

वेग ठीक आहे. एका थ्रेडच्या कामाला रेकॉर्डिंग फारसं जाणवत नाही, पण कोअर एकच मिळत असल्यामुळे आठ थ्रेडवर पसरणारा चाचणी संच रांगेत उभा राहतो. फार लांबवर मागे जायचं असेल तर रिव्हर्स-कंटिन्यूला वेळ लागतो. चेकपॉइंट टाकत चला. आणि रजिस्टरवरच वॉच लावाल तर जीडीबी एकेक सूचना मोजत बसेल, तुम्ही घरी जाऊन आलात तरी ते तिथेच. वर सांगितलेली युक्ती, म्हणजे रजिस्टर ज्या क्षणी मेमरीत उतरतं ती जागा पकडायची, हीच खरी.

एक गोष्ट आरआर करणार नाही. बग आधीच पकडून देणार नाही. त्यासाठी आम्ही आता जिटमध्ये शिरण्याच्या ट्रॅम्पोलिनमध्ये (मधल्या छोट्या कोडमध्ये), फक्त चाचणी बिल्डपुरती, सहाही रजिस्टरं ओळखीच्या आकड्यांनी भरतो आणि बाहेर पडताना तपासतो. परतीच्या वाटेवर तपासतो आणि एक्सेप्शनच्या वाटेवरही, कारण पहिल्यानं आमचा हा बग कधीच पकडला नसता. जोडीला एमएक्ससीएसआरचे (दशांश गणिताचं राउंडिंग ठरवणाऱ्या रजिस्टरचे) नियंत्रण बिटही बघा. राउंडिंग बदलून तसंच परतणारा कोड क्रॅश होत नाही, नुसती उत्तरं शेवटच्या अंकात चुकवतो, आणि तो शोधायला आरआरसुद्धा पुरत नाही, कारण मागे कुठून निघायचं तेच कळत नाही.

राहिलं विंडोज. तिथे आरआर नाही. मायक्रोसॉफ्टचं विंडबीजी काळात मागे जाऊ देतं, पण रेकॉर्डिंग कित्येक पट हळू. आणि तिथल्या एबीआयमध्ये आरडीआय, आरएसआय आणि एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५ हीसुद्धा जपायची, म्हणजे विसरायला जागा जास्त. आमच्या विंडोजच्या बिल्डमध्ये दशांश आकड्यांचा एक घोळ अजून उघडा आहे. एक्सएमएम६ वर संशय आहे. तो मी सध्या छापील डिसअसेंब्ली आणि पेन्सिल घेऊन शोधतेय.